फणीचे दात कुणीकडं

“बसल्यात. झाडाखाली बसल्यात.”

हा आवाज जोतीरामचा, त्याच्या लहानपणचा. नाकातून येणारा, अर्धा झोपेतला, आणि तरी इतका खात्रीचा की ऐकणाऱ्याच्या पाठीवरून गार पाण्याचा थेंब घरंगळत जावा. जोतीराम बनूबाईचा थोरला भाऊ. आता त्याच्या कानशिलांवर पांढरं आलं होतं, आवाज सुंभासारखा चरचरीत झाला होता. पण तो जुना आवाज त्याच्याबरोबर वयानं वाढला नव्हता. तो वेगळाच कुठंतरी राहायला गेला होता आणि मनात आलं की बनूबाईकडं यायचा. भाकरी उलटताना यायचा. कृष्णेच्या घाटावर लुगडं पिळताना यायचा. ती हातातलं काम थांबवून ऐकायची, आणि तो गेला की पुन्हा पिळायला लागायची. पण दवाखान्यात, कामाच्या वेळी, लख्ख उजेडात तो कधी आला नव्हता. त्या दिवशी आला.

दवाखाना सांगलीच्या हळदीच्या पेठेच्या टोकाला, माडीवर होता. खाली दिवसभर हळदीची पोती उलटत आणि ती धूळ जिन्यानं वर येई. खिडकीच्या काचांवर, पाण्याच्या तांब्यावर, बसलेल्या माणसांच्या पापण्यांवर पिवळी साय धरे. दुपारचं ऊन त्यातून आत शिरलं की खोली हळद लावलेल्या अंगासारखी दिसायची. डॉक्टर आत बसत. बाहेरच्या लांब खोलीत पोरांची नजर मोजायचं काम बनूबाईचं. आधी ती बालवर्गाला शिकवायची. तिच्यापुढं पोरं रडत नाहीत हे बघून डॉक्टरांनी तिला शाळेतून मागून आणलं होतं. अक्षर न येणाऱ्या पोरांसाठी लाकडी दांडीचा एक पुठ्ठा होता आणि त्यावर काळ्या शाईची तीन दातांची आकृती. पोरं तिला फणी म्हणत, म्हणून बनूबाईही फणीच म्हणे. हात पाठीमागं न्यायचे, दांडी फिरवायची, फणी पुढं धरायची आणि विचारायचं, “फणीचे दात कुणीकडं?” पोरानं सांगायचं, वर, खाली, नदीकडं, बाजाराकडं. दांडीला एक खाच होती. खाचेवर अंगठा ठेवला की फणी कशी धरली आहे ते न बघता कळायचं. आधी मोठी फणी, मग बारीक, मग त्याहून बारीक. पोराला शेवटची जी दिसली, ती त्याची नजर.

यात आळशी डोळ्याची पोरं वेगळी. डॉक्टर म्हणत, त्या डोळ्यात फूल नाही, वडस नाही. डोळा धड आहे, मेंदूनं त्याचं ऐकायचं सोडलं आहे. म्हणून ज्याचं ऐकलं जातं तो डोळा झाकायचा, म्हणजे नाइलाजानं दुसऱ्याचं ऐकावं लागतं. पण हे लहानपणीच. आठ-नऊ वर्षं उलटली की तो डोळा हाक मारायचाच बंद होतो. बनूबाईला हे बोलणं डोळ्याचं वाटत नसे, घरातल्या कुणा माणसाचं वाटे. आणखी एक खोड त्या डोळ्याची. एकटी फणी त्याला दिसायची. तीच फणी चार फण्यांच्या रांगेत ठेवली की हरवायची, जत्रेत पोर हरवावं तशी. हे सगळं तिला डॉक्टरांकडे येण्याआधीच ठाऊक होतं. जोतीरामचा डावा डोळा तसाच होता. त्याचा उजवा, चांगला, साताऱ्यात पाथरवटाकडं काम करताना दगडाच्या कणानं गेला. आणि मग राहिला तो एकच, कुणी कधी जागा न केलेला. तेव्हापासून प्रत्येक आळशी डोळ्यापुढं फणी धरताना तिचा हात थोडा घट्ट व्हायचा.

त्या दिवशी आष्ट्याची राही आली होती. सातवं सरत आलेलं, उन्हानं रापलेली, काटकी पोर. डावं बुबुळ नाकाकडं कललेलं. उजव्या डोळ्यावर काळ्या कापडाची झापड, नाडीनं मागं बांधलेली. आई रंगूबाई दिराच्या गुळाच्या गाडीवर बसून तिला घेऊन यायची. उंच, अबोल बाई. कपाळावर कुंकवाचा ठसठशीत टिळा. नवरा मानसिंग बर्म्याच्या लढाईवर गेला आणि तिथंच कुठंतरी नाहीसा झाला. लढाई संपून वर्ष होत आलं, बरोबरचे गावी येऊन ऊस लावायला लागले, पण सरकार त्याला मेला म्हणत नव्हतं आणि आहे असंही म्हणत नव्हतं. पहिल्या खेपेला राहीला मोठ्या फणीपलीकडं काही दिसलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला ती दोन पायऱ्या उतरली. आज ती धडाधड सांगत होती.

“वर. बाजाराकडं. खाली. बाजाराकडं. नदीकडं.”

“शाबास गं!” बनूबाई म्हणाली. पण तिला बरं वाटत नव्हतं. पोरीचा तो कललेला डोळा फणीवर नव्हताच. तो तिच्या खांद्याच्या जरा वर, कुणीतरी मागं उभं असावं तसा लागून राहिला होता. बनूबाईनं एकदा वळून पाहिलं. भिंत होती, खुंटीवर डॉक्टरांची छत्री होती. पुन्हा हात मागं नेले, दांडी फिरवली, सगळ्यांत बारीक फणी पुढं धरली.

“आता कुणीकडं?”

“खाली,” राही म्हणाली.

अंगठा खाचेवर होता. खालीच. बनूबाईनं पुठ्ठा उतरवला आणि तिचा हात हवेतच राहिला. पुठ्ठा उलटा धरला गेला होता. पोरीकडं कोरी बाजू होती. फणी तिच्या स्वतःच्या छातीकडं होती.

खाली कुणीतरी पोतं आपटलं आणि पिवळा धुरळा जिन्यातून वर आला. राही शांत उभी होती. कोरा पुठ्ठा वाचून दाखवलेली पोर जशी उभी राहील तशी नाही. रोजचं काम केलेल्या माणसासारखी. बनूबाईच्या तोंडाला हळदीची चव आली. आत जाऊन डॉक्टरांना सांगायला हवं होतं. तिनं जाऊन एवढंच सांगितलं, “बारीक फणीपर्यंत आली.” डॉक्टर खूश होऊन बाहेर आले. “वा! मग पुढच्या खेपेला झापड सोडूनच टाकू.”

रंगूबाईचा चेहरा मात्र उतरला. “सोडाय पायजेच का, सायेब?”

“अहो, डोळा जागा झाला तुमच्या पोरीचा. आता कशाला?”

जिन्याच्या तोंडाशी मात्र रंगूबाईनं बनूबाईचा हात धरला. हात तापलेला होता. “बाई, तुमी बाईमाणूस, म्हणून सांगते. तिला त्या डोळ्यानं दिसतंय.”

“मग चांगलंच की.”

“तसलं न्हवं दिसणं.” तिनं आवाज खाली आणला. “तिचं आबा दिसत्यात. दिवेलागणीला म्या चांगला डोळा झाकते आन् इचारते. ती सांगती. झाडाखाली बसल्यात म्हणती.”

तेव्हा तो आवाज आला. लख्ख दुपारी, जिन्याच्या तोंडाशी, त्या बाईच्या ओठांतून. मायलेकी खाली उतरून पोत्यांच्या गर्दीत दिसेनाशा झाल्या तरी बनूबाई कठड्याला धरून उभी होती. तेच शब्द. झाडसुद्धा तेच. तिच्या घरातून निघालेले हे शब्द इतकी वर्षं कुठं हिंडत होते, आणि आष्ट्याच्या पोरीच्या तोंडात कोणत्या वाटेनं शिरले? आप्पा, म्हणजे तिचे वडील, बसऱ्याच्या लढाईला गेले तेव्हा बनू इतकी लहान होती की तिला त्यांचा चेहरा नाही, फक्त बुटांचा वास आठवतो. दिवा लागला की आई जोतीरामला जात्यापाशी बसवायची. दळण नसलं तरी जात्यापाशीच. त्याच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवायची. पिठानं पांढरा झालेला हात, खाली भावाचं अर्धं तोंड, आणि दिव्याच्या उजेडात आत कललेला तो एक डोळा, कुणाकडंच न बघणारा. आई एक ओवी म्हणायची, जवळजवळ न म्हटल्यासारखी, ओठांतल्या ओठांत,

दिवा लागला दाराशी, वाट अजून उजेडी…

आणि मग ते उत्तर. बसल्यात. आई हात काढायची, पदराला पुसायची आणि चुलीकडं जायची. त्या रात्री भाकरी मऊ व्हायची. पलटणीतला माणूस दारात येऊन टोपी काढून उभा राहिला, जे सांगायचं ते सांगून गेला, तरी आईनं कुंकू पुसलं नाही. भाऊबंद बोलले, बाया बोलल्या. आई म्हणाली, माझं लेकरू बघतंय की त्यास्नी. ती गेली तीही कुंकू लावूनच. तिला तिरडीवर ठेवलं तेव्हा बनूनं भावाकडं बघितलं होतं, आणि जोतीरामचा डोळा नेहमीसारखा दुसरीकडंच कुठं तरी होता. तिनं त्याला कधी विचारलं नाही. लहानपणी भीतीनं, मोठेपणी, विचारलं आणि तो हो म्हणाला तर, या भीतीनं. ती भीती अंगात घेऊनच ती पोरांच्या डोळ्यांपुढं फणी धरायला लागली होती. मोजल्यावर तरी तो डोळा साधा होईल, इतका आणि इतकाच होईल, असं तिला वाटलं असावं.

रविवारी ती सर्व्हिस गाडीनं साताऱ्याला गेली. कऱ्हाडच्या पुढं शेजारच्या बाईच्या मांडीवरचं मूल तिच्या खांद्यावरून मागं टक लावून बघत होतं. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, चढाच्या बोळात जोतीरामची खोली. तो दारात बसून सुंभ वळत होता. त्या कामाला डोळा लागत नाही.

“कोण? एकटी का दोघी?” त्यानं मान वर करून विचारलं.

“एकटीच.”

“मग दिसतीस. बनू हायस. दोघी असता तर येकीत येक शिरला असता, मला येकच जाडी बाई दिसली असती.” तो हसला. “दाटीत माणसं इरघळत्यात बघ. येकटं असलं की सुटं दिसतं.”

तिनं आणलेला गूळ पुढं ठेवला. चहा झाला. बोळातलं ऊन भिंतीवर चढत गेलं. मग तिनं राहीचं सगळं सांगितलं; कोरा पुठ्ठा, झाड. सांगताना ती त्याच्याकडं बघत नव्हती. सुंभाचा चर्र चर्र आवाज एका क्षणी थांबला.

“दादा, तुला दिसायचं का रे?”

हातातले तंतू जोतीरामनं सुटे केले, पुन्हा जुळवले. “आईची ती ओवी म्हणून दाव.”

“दिवा लागला दाराशी, वाट अजून उजेडी…”

“म्होरं?”

तिनं तोंड उघडलं. पुढं काही नव्हतं. जिथं दुसरी ओळ असायची तिथं पिठाचा वास होता, जात्याचा गार दगड होता, ओळ नव्हती. इतकी वर्षं ती ओवी तिच्याकडं अर्धीच होती आणि ते तिला कधी जाणवलं नव्हतं.

“न्हाई आठवत.”

“मला आठवती,” जोतीराम म्हणाला. “पर म्या सांगून उपेग न्हाई. म्या सांगितलं की तू मानशील. आजवर समदी मानतच आली.” आणि तो पुन्हा वळायला लागला. निघताना मात्र त्यानं हाक मारली, “बनू, त्या पोरीची झापड सोडू नगंस हां. येक डोळा गेल्यावर कळतं. दिवस असतो, पर दुसऱ्याच्या घरात असतो.”

पुढच्या खेपेला राही आली तेव्हा डॉक्टर आत एका म्हाताऱ्याला तपासत होते. बनूबाईनं पोरीला खडूच्या रेघेवर उभी केली. रंगूबाई बाकावर, पदर मुठीत. उजव्या डोळ्यावर झापड होती. कललेला डोळा नेहमीच्या जागी, खांद्याच्या वर. पण या वेळी बनूबाई वळली नाही. तिनं हात मागं नेले, अंगठा खाचेवरून काढला, आणि डोळे मिटून घेतले. दांडी फिरवली. किती फिरली ते तिलाच माहीत नव्हतं. मिटल्या डोळ्यांनीच फणी पुढं धरली.

“फणीचे दात कुणीकडं, राही?”

काही आलं नाही. खाली हमाल ओरडत होते. मिटल्या पापण्यांच्या आत सगळं पिवळं होतं आणि त्या पिवळ्यात समोर कोण उभं आहे हे तिला सांगता आलं नसतं. राही, की जात्यापाशी बसलेला आठ वर्षांचा जोतीराम.

“सांग की बाळा.”

“बाई,” पोर हळूच म्हणाली, “डोळं उघडा की.”

बनूबाईनं डोळे उघडले. राहीचा कललेला डोळा तिच्या खांद्यावर नव्हता. तो कधीच तिथं नव्हता. डोळा वाकडा होता, म्हणून तसा वाटायचा. नजर सरळ तिच्या तोंडावर होती. भुकेल्या पोरानं ताटाकडं बघावं तशी, तिच्या भुवया, तिचे ओठ, हनुवटी बघत होती. इतक्या लांबून त्या डोळ्याला एवढं एकच सुटं दिसत होतं, एकटं माणसाचं तोंड. फणी खाली असली की आपली हनुवटी खाली जाते, नदीकडं असली की मान तिकडं कलते, हे बनूबाईला आज कळलं, आणि कळल्याबरोबर आपलं तोंड कुठं ठेवावं ते कळेना.

ती खाली बसली. पोरीची नाडी सोडली, झापड काढली. आणि हात तसाच राहिला. उजव्या डोळ्याभोवतीची कातडी बाकीच्या तोंडासारखीच उन्हानं काळवंडली होती. डाव्या डोळ्याभोवती मात्र एक गोल फिकट डाग होता, दगड उचलल्यावर खालच्या गवताचा दिसतो तसा. आणि त्या डागापासून कपाळावरून तिरकी गेलेली नाडीची फिकट रेघ.

“रंगूबाई, झापड कुठल्या डोळ्याला बांधत होता तुम्ही?”

रंगूबाई उठून उभी राहिली. खोटं बोलायचं तिच्या मनात आलं आणि गेलं, तेही तोंडावर दिसलं. “जिन्यात बदलून बांधायची म्या,” ती म्हणाली. “दिसभर डाव्यावर ठेवायची. शेरडांत, मातीत, पाखरांत त्यो डोळा कशाला खर्ची घालू, बाई? झाकून ठेवायची. दिवेलागणीलाच उघडायची, तिच्या आबांपुरता. तुमी त्यो डोळा सरळ केलासा की साऱ्या जगासारखं त्येला झाड दिसंल, गोठा दिसंल. मग मला कोण सांगंल?”

“आणि उजव्याला उद्या काही झालं तर? उसाचं पातं लागलं तर? माझ्या भावाचं झालंय तसं. दोनच वर्षं आहेत हातात, रंगूबाई. नंतर हा डोळा कुणाच्या हाकेला उठणार नाही.”

“ती बघती त्यास्नी, बाई! कोरा पुठ्ठा वाचला न्हवं तिनं? म्या बाकावरनं बघितलं की!” रंगूबाईच्या आवाजात भीती नव्हती, अभिमान होता. ती पुढं झाली, राहीसमोर बसली, आणि भर दुपारी, पिवळ्या उजेडात, तिनं आपला तळहात पोरीच्या उजव्या डोळ्यावर ठेवला. “दाव गं ह्यास्नी. सांग. हायत न्हवं? झाडाखाली बसल्यात न्हवं?”

बनूबाईच्या हातातून फणी खाली पडली. पुठ्ठ्याचा आवाज झाला, आणि त्या आवाजामागून दुसरी ओळ आपली आपण आली. पिठाच्या हातातून, ओठांतल्या ओठांत, आईच्या आवाजात,

सांग माझ्या लेकरा रं, कोण बसलं पल्याडी.

कोण बसलं. आईनंच बसवलं होतं. आधी तिनं बसवलं, मग विचारलं. उभा नाही, पडलेला नाही, बसलेला. सावलीत, दमून, घरी यायच्या आधी जरा टेकलेला. कुठल्याही बाईनं आपल्या माणसाला एवढंच दिलं असतं. आणि जोतीराम, एका सुट्या चेहऱ्यापलीकडं काहीच न दिसणारा जोतीराम, तो चेहरा रोज वाचत होता.

हे बनूबाईनं सांगितलं असतं तर रंगूबाईनं ते मानलं नसतं, किंवा मानलं असतं; दोन्ही सारखंच. ती फक्त जमिनीवर बसून राहिली आणि तोंड दुसरीकडं फिरवलं, म्हणजे पोरीला तिच्याकडून काही वाचता येऊ नये.

राहीचा उघडा डोळा आईच्या तोंडावर होता, कपाळावरच्या कुंकवावर, थरथरणाऱ्या ओठांवर. “बसल्यात न्हवं?” रंगूबाईनं पुन्हा विचारलं, आणि स्वतःच मान हलवली.

राहीनं तो उघडा डोळाही मिटून घेतला.

“न्हाई, आई,” ती म्हणाली. “तितं आबा कवाच नसत्यात. तूच असतीस.”